उसातली पायवाट

मनोआची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी झोपलेली होते. अगदी खरोखरची झोप – तोंड उघडं, आणि... हो, थोडी लाळसुद्धा. प्रेमकथेतल्या नायिकेने असलं काही सांगू नये हे मला कळतं. पण त्या दिवसांत लाजायलाही अंगात जोर लागायचा, आणि तो माझ्याकडे नव्हता.

फिजीतली, लोवूहून लाऊतोकाला जाणारी दुपारची बस. बाहेर फेब्रुवारीचा पाऊस. खिडक्यांच्या ताडपत्र्या खाली सोडलेल्या, आत दमट अंधार, ओल्या कपड्यांचा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या अननसांचा वास, आणि ड्रायव्हरची गाणी इतकी मोठ्याने की दातांत घुमावीत. दिवसभर तिसरीच्या पोरांपुढे ओरडून माझा घसा बसला होता. पापांना मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं – तिथे ते मला दिसतात – आणि स्वतः मागे एका धिप्पाड माणसाशेजारी टेकले. जरा डोळे मिटते, म्हटलं...

जाग आली ती पापांच्या छत्रीचं टोक गुडघ्यात टोचल्यावर.

"ऊठ गं शलू. बस रिकामी झाली. त्या बिचाऱ्याचा खांदा सोड आता."

मी दचकून सरळ झाले. त्या माणसाच्या निळ्या, फुलाफुलांच्या बुला शर्टवर माझ्या झोपेचा ओला नकाशा उमटला होता.

"माफ करा हं... मला हलवायचं ना तुम्ही!"

"हलवणार होतो," तो म्हणाला. "मला मागच्या स्टॉपवर उतरायचं होतं."

"मग उतरला का नाहीत?"

"तुम्ही झोपेत 'पाढे म्हणा, पाढे म्हणा' करत होतात. म्हटलं उठलो तर मलाच म्हणायला लावाल."

पापा खो-खो हसले आणि लगेच छाती धरून थांबले. आम्हालाही मागच्याच स्टॉपवर उतरायचं होतं. म्हणजे आता पावसात उलटं चालणं आलं.

पापांबरोबर चालणं म्हणजे काय, ते सांगते. दहा पावलं झाली की छातीत आवळल्यासारखं व्हायचं. मग ते एखाद्या दुकानासमोर उभे राहून काचेआडचा माल बघण्याचं नाटक करायचे. साड्या बघितल्या, कढया बघितल्या, बायकांची अंतर्वस्त्रंही गंभीरपणे बघितली. तो निळा शर्ट आमच्या मागेच, तितक्याच सावकाश. आम्ही थांबलो की थांबायचा. तिसऱ्या दुकानाशी माझा संयम सुटला.

"आमच्या मागे का येताय तुम्ही?"

"तुम्ही त्या हृदयाच्या क्लिनिकमध्येच निघालाय ना? फाइल दिसतेय हातात." त्याने डोक्यावरचं पाणी निपटलं. "पायांचं मशीन मीच चालवतो. तुमच्या आधी पोचून काय करू? निदान तुमच्या मागून गेलो तर डॉक्टरीणबाईंना सांगता येईल की पेशंटला घेऊनच आलो."

असा हा मनोआ, इथल्या मूळच्या फिजियन लोकांतला.

पापा – बिसुनदेव त्यांचं नाव – जन्मभर उसाची लॉरी चालवत आले. साखर कारखान्याच्या रांगेत रात्रंदिवस उभं राहायचं, लॅम्ब फ्लॅप्सची, म्हणजे मेंढीच्या पोटाकडच्या मांसाची, चरबी खायची, वर सिगारेट. आई गेली आणि वर्षभरात पापांच्या छातीने तक्रार सुरू केली. परदेशातून ऑपरेशनवाले डॉक्टर राजधानीत, सुव्हाला आले तेव्हा आम्ही मोठ्या आशेने गेलो. त्यांनी हृदयाच्या नळ्यांची फिल्म बघितली आणि मान हलवली. रक्तातल्या साखरेने नळ्या इतक्या बारीक झाल्या होत्या आणि इतक्या जागी तुंबल्या होत्या की बायपासची नळी जोडायला धड जागा नाही, आणि स्टेंट घालायचे तर किती घालणार? "औषधं, चालणं, पथ्य," ते म्हणाले. "आणि जमलं तर ते पायांचं मशीन." ब्रिस्बेनहून माझ्या भावाने फोनवर सांगितलं, "दीदी, काळजी घे हं." मी म्हटलं, घेते. घेतच होते. रात्री पापांचा श्वास ऐकत पडायचं, दिवसा फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायचं. दोन वर्षांत मी एकही झोप पूर्ण केली नव्हती.

आता ते मशीन हीच काय ती आशा होती. सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज तासभर, मध्ये खंड पडता कामा नये. लाऊतोकात मशीन एकच, आणि चालवणाराही एकच.

पहिल्या दिवशी मनोआने पापांना घट्ट काळी विजार चढवायला दिली. मग पोटऱ्यांना, मांड्यांना आणि त्याहून वर जाड पट्टे आवळले. बटण दाबलं, आणि दोन ठोक्यांच्या मधे पट्टे फुगून पापांचे पाय दाबू लागले. फस्-धप्, फस्-धप्. बिसुनदेव लॉरीवाले पलंगावर उडायला लागले.

"अरे! अरे! हे काय, खड्ड्यातून चाललोय की काय मी?"

"काका, बोलायचं नाही. बोललात की ठोके पळतात आणि मशीन चुकतं."

"पण हे पाय दाबून हृदयाला काय होणार?" मीच विचारलं.

मनोआ स्टुलावर बसला. "काका, तुम्ही लॉरी घेऊन निघालात आणि पूल वाहून गेलेला. मग काय करता?"

पापांनी तोंड उघडलं, आठवलं, आणि हाताने वळसा दाखवला.

"बरोबर. उसातून पायवाट काढायची. लोक जात राहिले की तीच रुंद होते. हृदय आराम करतं तेवढ्या क्षणात आपण पायातलं रक्त दाबून वर ढकलतो. मोठ्या नळ्या बंद त्या बंदच. पण त्यांच्या आजूबाजूला बारीक वाटा असतात, त्या उघडायला लागतात. सगळ्यांच्या उघडतात असं नाही. पण पुष्कळांच्या उघडतात."

मला त्याचं 'सगळ्यांच्या नाही' आवडलं. इतके दिवस मला सगळ्यांनी एक तर घाबरवलं होतं, नाही तर खोटा धीर दिला होता.

आणि मग ते दुपारचे तास सुरू झाले. पत्र्यावर पाऊस, खोलीत फस्-धप्, आणि मधे बोलायची बंदी असलेले पापा, जे भुवयांनी बोलायचे.

"टीचर, तुमचं लग्न नाही झालं?" मनोआने एकदा पट्टा सैल करता करता सहज विचारलं.

"वेळ नाही मिळाला."

"लग्नाला कितीसा वेळ लागतो? आमच्या चुलतभावाचं तर जेवणं होईपर्यंत उरकलं."

"तुमचं का नाही झालं मग?"

"मी दिवसभर म्हाताऱ्यांचे पाय आवळतो. मुलींना हे सांगितलं की त्या... बसमधून लवकर उतरतात."

"आणि ज्या झोपतात त्या?"

"त्या... शेवटच्या स्टॉपपर्यंत येतात," तो म्हणाला. आणि बोलून गेल्यावर स्वतःच ठोके दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेघांकडे बघत बसला. पापांच्या भुवया पार कपाळात गेल्या होत्या. रेघा भराभर पळत होत्या.

"काका, शांत राहा," मनोआ म्हणाला.

"मी कुठे बोललो?" पापा उसळले.

त्या खोलीत भिंतीला टेकवलेली एक खुर्ची होती. दुसऱ्या आठवड्यात कधी तरी मी तिच्यावर डोळे मिटले, आणि मशीन थांबेपर्यंत उघडले नाहीत. कुणी तरी पापांकडे बघतंय, त्याला कळतंय, तो चुकणार नाही... हे अंगाला आधी कळलं, मनाला नंतर. मग रोजच तसं होऊ लागलं. जाग आली की माझ्यावर टॉवेल पांघरलेला असायचा, आणि मनोआ दुसरीकडेच बघत असायचा. मी त्याच्या प्रेमात पडले ती झोपेत, हे मी शपथेवर सांगेन.

पापाही सुधारत होते. दुकानांपुढे थांबणं कमी झालं. छातीत आवळलं की जिभेखाली ठेवायच्या गोळीची बाटली मात्र खिशात असायचीच. एकदा पापांनी विचारलं, "ही गोळी जुनी झालीय का ताजी, कसं ओळखायचं रे?"

"जिभेखाली चुणचुणली की समजायचं ताजी आहे," मनोआ म्हणाला. "बाटली उघडून फार दिवस झाले की गोळी मरते."

पापांनी ते मनावर कोरून घेतलं.

पाचव्या आठवड्याच्या शनिवारी मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. ऊन पडलं होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या जैकरनकाकांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. "शलू! धाव! तुझे पापा पडले!"

मी कशी धावले ते मला आठवत नाही. जैकरनकाकांच्या ओसरीवर ग्रॉगची, म्हणजे यांगोनाची मुळं कुटून पाण्यात कालवलेल्या पेयाची, लाकडी परात उलटली होती, मातकट पाणी पायऱ्यांवरून वाहत होतं, आणि त्यात पापा आडवे. कपाळातून रक्त. चेहरा राखेसारखा. मला वाटलं, संपलं. ज्या क्षणाची दोन वर्षं वाट बघत होते तो हाच, आणि मी वाळलेले कपडे काढत होते.

"पापा! पापा, इकडे बघा!"

त्यांनी डोळे उघडले. "ओरडू नकोस... मी वर्गात नाहीये."

मी त्यांचे पाय उचलून मांडीवर घेतले आणि तिथेच हुंदके देऊन रडले.

इस्पितळात नेलं. कपाळाला टाके पडले, रक्तदाब पार खाली गेला होता. रात्रभर ठेवून घेतो म्हणाले. झालं ते असं – ग्रॉग पिता पिता छातीत आवळलं, म्हणून पापांनी गोळी जिभेखाली ठेवली. ती चुणचुणली नाही. "मेली वाटतं," असं म्हणून त्यांनी दुसरी ठेवली. तीही गप्प. मग तिसरी, चौथी. प्रत्येक गोळी रक्तदाब उतरवणारी. आणि उभे राहिले ते धाडकन खाली.

"पण एकामागून एक चार का घेतल्यात?"

"मनोआनेच सांगितलं होतं ना... चुणचुणली की ताजी."

संध्याकाळी मनोआ धावत वॉर्डात आला. मी काही बोलायच्या आत त्याने पापांना विचारलं, "काका, गोळीच्या आधी ग्रॉगच्या करवंट्या किती झाल्या होत्या?"

"झाल्या असतील पाच-सहा."

मनोआ मटकन स्टुलावर बसला. "जीभ," तो म्हणाला. "ग्रॉगने जीभ बधिर होते. गोळी ताजीच होती. तुम्हाला जीभच नव्हती, काका. मी ग्रॉगच्या गावात जन्मलो, दुधाच्या दातांपासून बधिर जीभ ओळखतो... आणि मला सुचलं नाही."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. पण मला दया आली नाही. मला राग आला.

"त्या खोलीत तासभर मी डोळे मिटत होते," मी म्हणाले. "सगळ्या जगात तेवढ्याच एका जागी. तुमच्या भरवशावर."

"टीचर..."

"जा तुम्ही."

तो गेला. मग वाटलं, आता पापांना त्याच्या हाती कसं द्यायचं? आणि न द्यावं तर सोमवारी खंड पडणार, झालेलं सगळं पाण्यात. पापांना दुसरा उपाय नव्हता. रविवारी सकाळी त्यांना घरी आणलं तरी मी तेच घोळवत होते. भात करपला. पापा निमूटपणे करपलेला भात खाऊन पडले. त्यांनी तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी पाऊस पुन्हा सुरू झाला आणि फाटकाशी दोन माणसं दिसली. मनोआ आणि एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, दोघे काळ्या सुलूत, कमरेला गुंडाळायच्या लुंगीसारख्या वस्त्रात. म्हाताऱ्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळून रिबीन बांधलेला यांगोनाच्या मुळांचा जुडगा. दोघांनी चपला काढल्या, ओसरीच्या कडेला मांडी घातली आणि माना खाली घातल्या. पागोळ्या त्यांच्या पाठीवर पडत होत्या.

"मामा आहेत त्याचे," पापा बाहेर येत कुजबुजले आणि समोर बसले. "सोरो करायला आलेत. माफी."

म्हाताऱ्यांनी हळू, जड आवाजात त्यांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली. पापांचं आयुष्य त्यांच्यातल्या ऊसतोड्यांबरोबर गेलेलं, त्यांना सगळं कळत होतं. ते मला सांगत गेले, "म्हणतायत, आमच्या पोराच्या तोंडून अर्धा शब्द गेला, आणि तुमच्या घरचं रक्त सांडलं. आम्ही खाली मान घालून आलोय."

मी जुडग्याकडे बघितलं. "ज्याने पापांना पाडलं तेच घेऊन आलात?"

मनोआने मान वर न करता म्हटलं, "काय करू, टीचर? आमच्यात माफी यानेच मागतात. केक आणला असता तर मामांनी मला घरात घेतलं नसतं."

मला हसू येत होतं आणि ते मला मुळीच नको होतं.

"हात लावावा लागतो याला," पापा म्हणाले. "तोवर ते उठणार नाहीत."

"मग लावा."

"मी का? रक्त माझं सांडलं, ते शिवून झालं. झोप तुझी उडालीय. तू लाव."

मामा गोंधळून पापांकडे बघू लागले. पापांनी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मग त्यांनी जुडगा उचलून माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा मान खाली घातली. एवढे वयस्क गृहस्थ, भिजलेले, माझ्यापुढे वाकून.

"पुन्हा चूक झाली तर?" मी मनोआला विचारलं.

"होईल," तो म्हणाला. "ही नाही होणार. दुसरी कुठली तरी होईल. तुमच्याकडूनही होईल. तुम्हाला एकटीने पहारा द्यायची सवय झालीय, टीचर. दोघांनी दिला तर... एकाला झोपता येतं."

पाऊस पडत होता. मी हात पुढे केला आणि मुळांवर ठेवला. पापांनी आणि मामांनी खोलगट हातांनी टाळ्या वाजवल्या. मनोआने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते, आणि तो ते पावसावर ढकलणार हे स्पष्ट दिसत होतं.

दिलेलं यांगोना कालवून प्यावं लागतं. पहिली करवंटी पापांची. त्यांनी हात लांबवला, मी मधेच घेतली.

"यांची मी पिणार."

बायका पीत नाहीत आमच्यात, निदान पुरुषांसमोर तरी नाही. मी एक टाळी वाजवली, डोळे मिटले आणि एका घोटात संपवली. चिखलाचं पाणी, दुसरं काय! हळूहळू जीभ जड झाली, ओठ कुणा दुसऱ्याचे वाटायला लागले.

"काका, आता नीट ऐका," मनोआ म्हणाला. "बसून घ्यायची. एक. पाच मिनिटं थांबायचं. चुणचुणो न चुणचुणो. नाही बरं वाटलं तर आणखी एक, आणि तेव्हाच गाडी बोलवायची. ग्रॉग पिऊन उठबस करायची नाही."

"ग्रॉगच प्यायचा नाही," मी म्हणाले.

"हे मी नाही म्हणालो, काका. मामा साक्षीला आहेत."

त्यांना फाटकापर्यंत सोडताना मी म्हटलं, "उद्या चारला येतो. उशीर करू नका."

शेवटच्या दिवशी पट्टे सोडताना पापा एकदम म्हणाले, "आपल्यात लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो. माझं नशीब बघा! जावईच सात आठवडे माझे पाय दाबतोय."

"पापा!"

मनोआच्या हातातला पट्टा खाली पडला. "काका, मशीन बंद झालंय," तो कसाबसा म्हणाला, "पण तरी... जरा बोलू नका."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नळ्या होत्या तशाच आहेत, तशाच राहणार. पण दुखणं निम्म्यावर आलंय. गोळ्या जन्मभर, चालणं रोज. मला तेवढं पुष्कळ होतं. मी मोठं काही मागायचं केव्हाच सोडलं होतं.

आम्ही तिघे समुद्राच्या कठड्याकडे गेलो. पाऊस थांबला होता, झाडं अजून टपटपत होती. पापा पुढे निघाले. न थांबता. मीच दमले आणि कठड्यावर बसले. मनोआ शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून. माझी नजर पापांच्या पाठीवर.

"टीचर, सोमवारपासून चार वाजता मी काय करू?"

"दुसरे पेशंट नाहीत का?"

"आहेत. पण त्यांच्यासोबत येणारं कुणी घोरत नाही."

"मी घोरत नाही!"

"काकांना विचारा." मग त्याने पहिल्यांदाच 'टीचर' सोडून माझं पूर्ण नाव घेतलं. "शलेश्नी..."

"नको बोलूस," मी म्हणाले. 'तू' कधी आलं तोंडात, कळलं नाही. "मला कळतंय तू काय म्हणणार आहेस. आणि मलाही... आहेच ते. पण मी फार थकलेय मनोआ. सजणं, रुसणं, वाट बघत जागणं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. प्रेमाला लागतं तेवढं माझ्यात उरलेलंच नाही."

त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, "मग तू नको करूस. सध्या मी करतो. तू बस."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

डोळे पुसून बघितलं तर पापा दिसत नव्हते. रस्ता झाडांमागे वळतो तिथे ते वळले होते. मनोआ उठायला लागला. "मी बघून येतो."

मी त्याचा हात धरला.

"बस," मी म्हणाले. "येतील ते."

पापा परत यायला बराच वेळ लागला. तोवर मी तो हात सोडला नाही, आणि एकदाही उठले नाही.